रोख, उधार आणि महादुकान : जामुल-भिलाईच्या निमित्ताने किरकोळ व्यापाराचा सांस्कृतिक विचार

१. प्रास्ताविक

मराठीत 'किरकोळ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. ठोक नसलेला व्यापार तो किरकोळ आणि दखल घेण्याजोगे नाही तेही किरकोळ. छत्तीसगढच्या बाजारपेठांत याच अर्थी 'चिल्हर' हा शब्द चालतो. तोच शब्द मराठीत 'चिल्लर' होऊन सुट्या नाण्यांसाठी आणि पुढे क्षुद्र माणसांसाठीही वापरला जातो. लहान दुकानाचा इतिहास फारसा लिहिला गेला नाही याचे एक कारण भाषेच्या या सवयीतही असावे. शेतकरी, कारागीर आणि गिरणी कामगार यांना आधुनिक मराठी वाङ्मयात आणि इतिहासलेखनात स्वतंत्र स्थान मिळाले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला ते मिळाले नाही.

2001 नंतर भारतात मोठ्या साखळी दुकानांचा विस्तार सुरू झाला आणि लहान दुकानांचे काय होणार हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. ही चर्चा बहुतांशी किंमत, रोजगार आणि परकीय भांडवल या तीन मुद्द्यांभोवती फिरत राहिली. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे. स्वस्त माल हे महादुकान आणि लहान दुकान यांच्यातील खरे अंतर नाही. ते रोख आणि उधार या दोन व्यवहारपद्धतींमधील अंतर आहे, असे येथील प्रतिपादन आहे. ('महादुकान' हा शब्द येथे एका छपराखाली, ठरीव किमतीत, स्वयंसेवा पद्धतीने नाना प्रकारचा माल विकणाऱ्या साखळी दुकानासाठी योजला आहे.) या प्रतिपादनासाठी जामुल हे भिलाईलगतचे औद्योगिक गाव निवडण्याचे कारण असे की, रोखीचे ग्राहक आणि उधारीचे ग्राहक हा भेद तेथे वस्तीच्या रचनेतच उमटला आहे.

२. स्थळ : जामुल आणि भिलाई

छत्तीसगढ मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर बसला, बिंबाजी भोसल्याने रतनपूर येथे राहून कारभार केला आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत मराठी राजवटीचा ठसा येथील महसुलावर राहिला. पुढे मध्य प्रांताची, नंतर मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. मापांच्या शब्दांतही हा शेजार दिसतो. मराठीतली पायली येथे 'पैली' होते आणि खंडी तशीच राहते. 1900 मध्ये पेंड्रा येथून निघू लागलेल्या 'छत्तीसगढ मित्र' या हिंदी मासिकामागे माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे ही तिन्ही नावे मराठी घरांतली होती. गजानन माधव मुक्तिबोध यांनी आयुष्याची अखेरची वर्षे दुर्गच्या पश्चिमेस असलेल्या राजनांदगावात काढली. छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आले.

भिलाईचा आधुनिक इतिहास 1955 च्या भारत-सोव्हिएत करारापासून सुरू होतो. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर नियोजित वसाहतही उभी राहिली. क्रमांकांनी ओळखले जाणारे 'सेक्टर', प्रत्येकात घरे, शाळा आणि एक आखीव बाजार, आणि सर्वांसाठी सिव्हिक सेंटर, अशी तिची मांडणी होती. रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या अंगाला सुपेला, पॉवर हाऊस, कॅम्प आणि छावणी या आराखड्याबाहेरच्या वस्त्या वाढत गेल्या. त्याच बाजूला जामुल आहे. ए.सी.सी. कंपनीचा सिमेंट कारखाना येथे 1965 मध्ये सुरू झाला. पोलाद कारखान्यातून निघणारी मळी हा त्याचा एक कच्चा माल. परिसरात पुढे लहानमोठ्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत झाली. 2005 मध्ये स्विस कंपनी होल्सिम ए.सी.सी.मध्ये आली आणि 2022 मध्ये कंपनीची मालकी अदानी समूहाकडे गेली.

मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी अनेक वर्षे भिलाईत क्षेत्रकार्य केले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या गावाच्या समाजरचनेची गुरुकिल्ली दोन शब्दांत शोधली आहे : 'नौकरी' आणि 'काम'. नौकरी म्हणजे कायम, महिन्याच्या पगाराची, निवृत्तिवेतनाची आणि क्वार्टरची. काम म्हणजे कंत्राटदाराच्या हजेरीवरचे, आज असलेले आणि उद्या नसण्याची शक्यता असलेले. दोघेही कामगारच, परंतु राहणीमान, मुलांचे शिक्षण, विवाहसंबंध आणि भविष्याकडे पाहण्याची दृष्टी यांबाबत ते दोन वेगळे वर्ग झाले आहेत, असा पॅरी यांचा निष्कर्ष आहे. 1980 च्या दशकात पोलाद कारखान्याच्या कायम कामगारांची संख्या साठ हजारांच्या वर होती. पुढे ती निम्म्याहूनही खाली आली आणि कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढले. म्हणजे नौकरी आटत गेली आणि काम पसरत गेले.

जामुलचे नाव देशभर पोहोचले ते या दुसऱ्या वर्गाच्या लढ्यामुळे. छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांनी 1990 च्या आसपास भिलाई परिसरातील कंत्राटी कामगारांचे संघटन सुरू केले. जामुलचे सिमेंट कामगार त्यात अग्रभागी होते. 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगींची भिलाई येथे हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळ रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. जामुलच्या कंत्राटी कामगारांचा प्रश्न मात्र पुढेही धुमसत राहिला आणि 2012 मध्ये त्यांच्या संघटनेने होल्सिमविरुद्धचे गाऱ्हाणे स्वित्झर्लंडमधील यंत्रणेपर्यंत नेले. किरकोळ व्यापाराच्या विवेचनात हा तपशील प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्याचा पगार अनिश्चित आहे किंवा ज्याला कामावरून काढले आहे, असा माणूस धान्य, तेल आणि मीठ कोठून आणतो, या प्रश्नाला उधारीचा विचार केल्यावाचून उत्तर देता येत नाही.

३. वही : बेडी आणि आधार

उधारीची वही हे मराठी इतिहासात बदनाम झालेले साधन आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. त्याचा रोख मुख्यतः कर्जरोखे आणि हिशेबाची कागदपत्रे यांवर होता. ती काढून जाळण्यात आली. दख्खनचा दंगा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्या नावावर दुसऱ्याने लिहिलेला आकडा म्हणजे वही, हा अनुभव जोतीराव फुले यांच्या 1883 मध्ये लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथामागे आहे. विलायती यंत्राच्या मालाने देशी कारागिरांचा धंदा बसला, हेही फुल्यांनी त्याच ग्रंथात नोंदवले. मोठ्या भांडवलाच्या मालापुढे लहान उत्पादक कसा टिकणार हा प्रश्न मराठीत इतका जुना आहे. मात्र त्या चित्रात दुकानदार उभा आहे तो पीडकाच्या बाजूला.

औद्योगिक वस्तीत या वहीचे रूप बदलते. जमीन गहाण नाही, दस्तऐवज नाही, नोंदणी नाही. दुकानदाराजवळ एक लांबट वही असते आणि गिऱ्हाइकाच्या घरी तिचीच एक छोटी प्रत. रोज पुडी-पुडीने नेलेला माल दोन्हीकडे लिहिला जातो आणि पगाराच्या दिवशी हिशेब होतो. पगार उशिरा झाला तर हिशेब पुढे जातो. येथे तारण असते ते केवळ ओळखीचे, म्हणजे तो माणूस कोणत्या कंत्राटदाराकडे कामाला आहे, कोणत्या खोलीत राहतो, कोणाचा गाववाला आहे, या माहितीचे. कोणतीही बँक ही माहिती इतक्या कमी खर्चात मिळवू शकत नाही.

हा व्यवहार परोपकाराचा आहे असे मानण्याचे कारण नाही. उधारीवर नेणाऱ्याला भाव किंचित चढा लागतो, माल निवडण्याची मुभा कमी असते आणि दुसऱ्या दुकानात जाण्याचे स्वातंत्र्य जवळजवळ नसते. ज्याचे देणे थकले आहे त्याने समोरच्या दुकानातून रोखीने साबण आणणे हा वस्तीत अपमानच समजला जातो. परंतु संपाच्या काळात हीच वही निराळे काम करते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. तो इतका लांबला त्यामागे कोकण-देशावरच्या घरून येणारे धान्य जसे होते तशीच गिरणगावातल्या दुकानदारांची आणि खाणावळवाल्या बायांची उधारीही होती. त्याआधी, 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली ती अशा खाणावळवाल्यांना सावकारी कर्जाच्या विळख्यातून सोडवण्यासाठीच. म्हणजे कामगाराला उधार देणारी बाई स्वतः उधारीत होती. वही ही एक साखळी होती आणि तिच्या प्रत्येक कडीवर कोणीतरी कोणासाठी तरी थांबत होते.

या व्यवस्थेचे अर्थशास्त्र साधे आहे. दुकानदाराला घाऊक व्यापाऱ्याचे देणे ठरावीक मुदतीत रोखीने चुकवावे लागते. उधारीचे गिऱ्हाईक त्याला रोख देत नाही. ती रोख येते नौकरीवाल्या गिऱ्हाइकाकडून, जो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुरे वाणसामान भरतो आणि पैसे मोजतो. एकाच गल्ल्यात येणारी ही रोख दुसऱ्याच्या उधारीला आधार देते. दोघांची गाठ कधी पडत नसेल, पण कायम कामगाराच्या पगारातून कंत्राटी कामगाराच्या चुलीला असा अप्रत्यक्ष हातभार लागत असतो. भिलाईसारख्या गावात, जेथे या दोन वर्गांमधील दरी वाढत गेली, तेथे त्यांना जोडणाऱ्या थोड्या धाग्यांपैकी लहान दुकान हा एक धागा होय.

४. रोखीचा कायदा

महादुकानाची वंशावळ पाहिली तर तिच्या दोन शाखा दिसतात. एक पॅरिसची. 1852 पासून अरिस्तिद बुसिको यांनी 'बाँ मार्शे' या दुकानाचा कायापालट केला. ठरीव किंमत, खरेदीचे बंधन नसलेला मुक्त प्रवेश, माल परत करण्याची सोय, कमी नफा आणि जलद उठाव ही त्याची सूत्रे होती. दुसरी शाखा इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांची. 1844 मध्ये त्यांनी स्वतःचे सहकारी भांडार काढले आणि त्याच्या नियमांत रोखीच्या विक्रीला मानाचे स्थान दिले. उधारीने कामगार दुकानदाराचा बांधील होतो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. म्हणजे रोखीचा आग्रह ही केवळ भांडवलदाराची युक्ती नव्हती. कामगारांच्या मुक्तीचे साधन म्हणूनही तिचा स्वीकार झाला. मराठी मुलखात हा वारसा मुंबईच्या नायगावात 1948 मध्ये सुरू झालेल्या 'अपना बाजार'ने आणि 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने चालवला. लहान दुकानाची बाजू मांडताना या परंपरेकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

भारतात या शतकाच्या आरंभी जे घडले ते मुख्यतः पहिल्या शाखेचे. 2001 मध्ये बिग बझारची पहिली दुकाने निघाली, 2002 मध्ये पवई येथे डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला. ज्या जागेत कामगार पगार मिळवत होता त्याच जागेत आता पगार खर्च करण्याची सोय झाली, आणि ती त्याच्यासाठी नव्हती. रायपूर आणि भिलाईही या लाटेपासून दूर राहिले नाहीत. भिलाईतला सूर्या मॉल उभा राहिला तो जुनवानीत, म्हणजे रेल्वेमार्गाच्या जामुलकडच्याच बाजूला. परंतु त्या दिशेला वाढलेल्या नव्या मध्यमवर्गीय वसाहतींचे जग आणि जामुलच्या कंत्राटी वस्तीचे जग यांत अंतर आहे, आणि ते मैलांनी मोजण्याजोगे नाही.

केंद्र सरकारने सप्टेंबर 2012 मध्ये बहु-ब्रँड किरकोळ व्यापारात 51 टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीस मुभा दिली. ती दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती आणि राज्याच्या संमतीवर अवलंबून होती. 2011 च्या जनगणनेत दहा लाखांची मर्यादा ओलांडणारे नागरी समूह 53 होते आणि सुमारे 10.6 लाख लोकसंख्येचा दुर्ग-भिलाईनगर समूह त्यांत जेमतेम बसत होता. धोरणाची रेघ अशी या गावाच्या उंबऱ्यावरच येऊन थांबली होती. महाराष्ट्राने तेव्हा संमती दिली, छत्तीसगढने दिली नाही. परंतु संमतीचा हा वाद काहीसा प्रतीकात्मक ठरला. देशी साखळ्यांना कोणत्याही संमतीची गरज नव्हती, आणि परकीय कंपन्यांना घाऊक व्यापाराचा दरवाजा आधीच मोकळा होता. वॉलमार्टच्या घाऊक दुकानांपैकी एक रायपुरात निघाले. तेथे सभासद म्हणून माल घ्यायचा तो किराणा दुकानदारानेच. ज्याच्याशी स्पर्धा होणार अशी भीती होती तोच असा गिऱ्हाईक झाला.

लहान दुकानांवरील परिणामांचा सर्वाधिक चर्चिला गेलेला अभ्यास म्हणजे दिल्लीच्या 'इक्रिअर' या संस्थेचा 2008 चा अहवाल. महादुकानाच्या परिसरातील लहान दुकानांची विक्री आणि नफा आरंभी घटतो, काळानुसार हा परिणाम सौम्य होतो, आणि संघटित व्यापाराच्या स्पर्धेमुळे बंद पडणाऱ्या दुकानांचे प्रमाण वर्षाला 1.7 टक्के इतकेच आहे, असे त्याचे निष्कर्ष होते. जवळीक, ओळख आणि उधार या लहान दुकानांच्या जमेच्या बाजू असल्याचेही अहवालाने म्हटले. या निष्कर्षांच्या आधारे धोका अतिरंजित असल्याचे मत पुष्कळांनी मांडले. येथे एक पद्धतिशास्त्रीय शंका उपस्थित करणे आवश्यक वाटते. दुकान बंद पडले की नाही हे मोजता येते. दुकान चालू राहिले, पण त्याने उधार देणे आखडते घेतले, हे त्या मोजणीत येत नाही. रोखीचे गिऱ्हाईक महिन्याचे सामान महादुकानातून भरू लागले की कोपऱ्यावरच्या दुकानाकडे उरतात ती मधल्या दिवसांची सुटी खरेदी आणि उधारीची गिऱ्हाइके. दुकानदाराची रोख आटली की तो आधी शटर ओढत नाही, आधी वही मिटतो. तोट्याचा पहिला वाटेकरी मग दुकानदार नसतो. त्याच्याकडून उधार नेणारा, म्हणजे जामुलच्या वस्तीतला हजेरीवरचा कामगार, हा तो वाटेकरी होय.

आणखी एक बाब. गिऱ्हाइकाला उधार न देणारे महादुकान स्वतः मात्र बहुधा उधारीवरच उभे असते. तो पैसा बँकेचा असतो, रोखेधारकांचा असतो आणि माल पुरवून बिलाची वाट पाहणाऱ्या पुरवठादारांचाही असतो. सूक्ष्म व लघु उद्योगांची बिले पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकवावीत असे 2006 च्या कायद्याला सांगावे लागले ते उगाच नव्हे. बिग बझार चालवणारी कंपनी अशाच कर्जभाराखाली कोसळली. फेब्रुवारी 2022 मध्ये तिच्या अनेक दुकानांचा ताबा रिलायन्सने घेतला आणि जुलै 2022 मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. उलट, पुरवठादारांची देणी लवकर चुकवून त्या बदल्यात सवलत मिळवणारे डी-मार्ट टिकले आणि वाढले. ज्याने लहान दुकानांना गिळावे असे भाकीत होते ते दुकान दोन दशकांत इतिहासजमा झाले आणि कोपऱ्यावरची पुष्कळ दुकाने अजून उघडी आहेत. यावरून लहान दुकान अजिंक्य आहे असे मात्र ठरत नाही. मोठ्याच्या थकलेल्या उधारीसाठी पुनर्रचना, सवलत आणि न्यायाधिकरण असते, आणि लहानाच्या उधारीसाठी केवळ वही असते, एवढेच यावरून दिसते.

५. साहित्यातील दुकान

तौलनिक साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने एक योगायोग लक्षणीय आहे. ज्या 1883 साली फुल्यांनी 'असूड' पूर्ण केला त्याच साली एमिल झोला यांची 'ओ बोनेर दे दाम' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. पॅरिसमधील एक भव्य दुकान आणि त्याच्या सावलीत गुदमरणारी जुनी दुकाने हा तिचा विषय. समोरच्या अंधाऱ्या दुकानात थकत जाणारा कापडवाला बोद्यू आणि त्याची पुतणी देनीझ, जी पोटासाठी त्याच शत्रूच्या दुकानात नोकरी धरते, ही त्यातली मुख्य पात्रे. झोलांना दोन्ही गोष्टी दिसतात : मोठ्या दुकानाची झळाळी आणि त्याखाली चिरडणारे आयुष्य. देनीझला काकाची दया येते, पण नव्या व्यवस्थेचा विजय अटळ आहे असेही ती मानते. लहान दुकानदार हा शोकात्म व्यक्तिरेखेला पात्र आहे, हे येथे गृहीत धरलेले आहे.

मराठीत असे गृहीतक तयार झाले नाही. एकीकडे वही घेऊन बसलेला सावकार-वाणी, दुसरीकडे पु. ल. देशपांडे यांनी अजरामर केलेला, गिऱ्हाइकाचा अपमान करण्यात धन्यता मानणारा पुणेरी दुकानदार. पहिला द्वेषाचा विषय, दुसरा विनोदाचा. करुणेचा विषय होण्यासाठी लागणारी मधली जागा रिकामी राहिली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (1997) या नाटकाने संपानंतरच्या गिरणगावातील घर रंगभूमीवर आणले. त्या घराच्या कोपऱ्यावरचे दुकान मात्र कोणी आणले नाही. याला जातीचा आणि प्रांताचाही संदर्भ आहे. दुकानदार बहुधा गुजराती, मारवाडी किंवा कोमटी म्हणून 'बाहेरचा' मानला गेला आणि त्याची पडझड ही आपली गोष्ट वाटली नाही. अपवाद लोकवाणीचा. 'आज रोख, उद्या उधार' ही मराठी पाटी आणि 'उधार प्रेम की कैंची है' ही हिंदी पाटी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली नकार उद्यावर ढकलते आणि तो उद्या कधीच येऊ देत नाही. दुसरी उधारीने संबंध तुटतात असे बजावते, आणि तसे बजावताना येथे संबंध होता हे कबूल करते. दोन्ही पाट्या लागतात त्या उधार देणाऱ्या दुकानात. जेथे उधार मिळतच नाही तेथे पाटीची गरज पडत नाही.

छत्तीसगढच्या भूमीतून मात्र या विषयाला जवळची एक कथा आली आणि तिचा लेखक मराठीभाषक होता. माधवराव सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदी कथा 1901 मध्ये 'छत्तीसगढ मित्र'त प्रसिद्ध झाली. हिंदीच्या आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते. जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे आहे आणि वाटेत एका अनाथ विधवेची झोपडी आहे. कचेरीच्या जोरावर तो ती मिळवतो. म्हातारी नातीसाठी चूल घालायला एक टोपली माती मागते आणि टोपली उचलून देण्याची विनंती करते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलत नसेल तर साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलशील, या अर्थाचे तिचे शब्द ऐकून त्याला पश्चात्ताप होतो आणि तो झोपडी परत करतो.

सप्रे आणि झोला यांच्यात भेद आहे तो केवळ आदर्शवाद आणि निसर्गवाद यांचा नव्हे. सप्र्यांच्या कथेचा उलगडा होण्यासाठी एक अट लागते. ज्याने घेतले तो माणूस समोर उभा असला पाहिजे, त्याला हाक मारता आली पाहिजे. झोलांच्या कादंबरीतही महादुकानाला मुरे नावाचा मालक आहे आणि देनीझ त्याचे मन काही अंशी वळवू शकते. एकविसाव्या शतकातील साखळी दुकानाला असा मालक समोर नसतो. व्यवस्थापक बदलता, कंपनी भागधारकांची, जागा भाड्याची. टोपली उचलायला सांगायचे कोणाला? सप्रे पुढे 1906 मध्ये 'स्वदेशी आंदोलन और बायकाट' या पुस्तिकेकडे वळले, म्हणजे मतपरिवर्तनाच्या कथेकडून संघटित बहिष्काराच्या राजकारणाकडे. जामुलच्या सिमेंट कामगारांनाही कंपनीचा खरा धनी शोधत स्वित्झर्लंडपर्यंत जावे लागले, हे या संदर्भात आठवण्याजोगे आहे.

६. राज्याचा हस्तक्षेप

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (1915) या ग्रंथात कारू-नारूंच्या व्यवस्थेची जी चिकित्सा केली, तिच्याशी मिळतीजुळती छत्तीसगढी संज्ञा 'पौनी-पसारी' ही होय. गावाची कामे करून धान्य घेणारे न्हावी, धोबी, लोहार, कुंभार तिच्यात येतात. छत्तीसगढ शासनाने 2019-20 च्या सुमारास हेच नाव घेऊन नगरपालिका क्षेत्रांत पारंपरिक व्यावसायिकांना ओटे आणि गाळे देण्याची योजना आखली. त्यानंतर महिला बचत गटांचा माल विकण्यासाठी 'सी-मार्ट' नावाची दुकाने उघडण्यात आली. दोन्ही योजनांमागची आस्था खरी असली तरी त्यांच्या कल्पनाविश्वात भेद आहे. पहिली लहान व्यवसायाला जागा देते, दुसरी लहान उत्पादकाच्या मालाला महादुकानाचा पोशाख चढवते. दोन्हींत उधारीला स्थान नाही. आत्र्यांनी गावगाड्यातील परस्परावलंबनाकडे भाबडेपणाने पाहिले नव्हते, त्यातील जुलूम त्यांनी स्पष्ट दाखवला. परंतु ते परस्परावलंबन मोडल्यावर त्याच्या जागी काय येणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही लागू आहे.

या रिकाम्या जागेत आता भ्रमणध्वनीवरील कर्ज शिरले आहे. 'आता घ्या, नंतर द्या' असे सांगणाऱ्या सेवा वाढल्या आणि 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेला डिजिटल कर्जव्यवहारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावी लागली. उधार नाहीसे झाले नाही, ते ओळखीपासून सुटले. 1875 च्या शेतकऱ्याला वही वाचता येत नव्हती, पण ती कोठे आहे हे ठाऊक होते. आजच्या कर्जदाराची नोंद कोठे असते हे त्याला ठाऊक नसते.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, महादुकानाचा लहान व्यवसायांवरील परिणाम बंद पडलेल्या दुकानांच्या संख्येत मोजणे अपुरे आहे. उधार देण्याच्या क्षमतेतील घट हे त्याचे अधिक खरे परिमाण होय. दुसरी, हा परिणाम सर्व ग्राहकांवर सारखा होत नाही. ज्याच्याकडे नौकरी आहे त्याला महादुकान निवड आणि बचत देते. ज्याच्याकडे केवळ काम आहे त्याचा आधार ते परस्पर काढून घेते. हे कोणाच्या दुष्ट हेतूमुळे घडत नाही, दोघांना एका गल्ल्यावर आणणारी जागा उरत नाही म्हणून घडते. भिलाईत या दोन वर्गांमधील अंतर आधीच रुंद होते, ही गोष्ट जामुलच्या बाबतीत निर्णायक ठरते. तिसरी, मराठी वाङ्मयाने दुकानदाराला पीडक किंवा विदूषक यांपलीकडे पाहिले नाही, त्यामुळे या बदलाला शब्द देण्याची साधने आपल्याकडे तोकडी आहेत.

लहान दुकानाचे गौरवीकरण हा त्यावरचा उपाय नव्हे. रॉचडेलचे विणकर आणि सुप्याचे शेतकरी या दोघांची साक्ष त्याविरुद्ध आहे. मात्र वही जाळणारा शेतकरी आणि वहीच्या आधाराने संप लढवणारा कामगार ही एकाच समाजाची दोन चित्रे आहेत, आणि ती एकत्र ठेवूनच किरकोळ व्यापाराचा इतिहास लिहावा लागेल. त्या इतिहासाची मुख्य साधने म्हणजे कीर्द, खतावणी आणि गिऱ्हाइकाच्या घरच्या छोट्या वह्या. हिशेब मिटला की ती रद्दीत जातात. अभिलेखागारांनी, आणि विशेषतः सीमाप्रदेशातील भाषाव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठीय विभागांनी, ती वेळीच गोळा करावयास हवीत. त्यांत मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी यांची जी सरमिसळ सापडेल ती भाषेच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल, आणि एका गावाने कठीण दिवस कोणाच्या भरवशावर काढले याची नोंदही तेथेच मिळेल.